मागे राहिलेला ड्रायव्हर

निघोजे, खराबवाडी, महाळुंगे या भागातल्या सुट्या भागांच्या कारखान्यांत परदेशाशी बोलणं हा रोजच्या कामाचा भाग झाला आहे. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणून तिकडची मीटिंग सकाळी पहिला चहा व्हायच्या आत. जर्मनीचं उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे, म्हणून ती दुपारच्या जेवणानंतर. केबिन पोटमाळ्यावर आणि खाली प्रेस शॉप. त्या दणक्यात आपलं बोलणं पलीकडे नीट पोचावं म्हणून कोणीतरी गोंगाट गाळणारं एखादं सॉफ्टवेअर फुकट ट्रायलवर टाकतं. ट्रायल संपते, सॉफ्टवेअर काढलं जातं, आणि पुढच्याच मीटिंगमध्ये पुण्याहून जोडलेला पर्चेसवाला विचारतो, “साहेब, म्यूटवर आहात का?” साहेब म्यूटवर नसतात.

याच पट्ट्यात एखादा पार्ट ग्राहकाकडून परत आला, तर ‘व्हाय-व्हाय’ केल्याशिवाय कोणी सुटत नाही. का झालं, त्यामागे काय, त्याच्याही मागे काय, अशा पाच पायऱ्या उतरून मूळ कारण कागदावर मांडावं लागतं. टोयोटाकडून आलेली ही शिस्त भोसरीतल्या चार मशिनांच्या शेडपर्यंत पोचली आहे. संगणकाचा आवाज गेला की मात्र हीच माणसं दोन शब्दांत निकाल लावतात: ‘फॉरमॅट मार.’ माझं मत असं, की आवाजाच्या दुखण्यावर फॉरमॅट म्हणजे बहुतेक वेळा वाया घालवलेला अर्धा दिवस. पुष्कळदा तर त्यानंतरही दोष जसाच्या तसा परत येतो. का येतो, ते समजायला आवाज संगणकात कसा फिरतो हे आधी पाहावं लागेल.

मीटिंगचं सॉफ्टवेअर किंवा गाणं वाजवणारा प्लेअर आवाजाचे आकडे तयार करतो, साधारणपणे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने. हे आकडे थेट स्पीकरकडे जात नाहीत. विंडोजचं ऑडिओ इंजिन चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळतं आणि ड्रायव्हरकडे देतं. ड्रायव्हर ते मदरबोर्डवरच्या कोडेक नावाच्या चिपला देतो, आणि ही चिप आकड्यांची विजेची लहर बनवते. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ही चिप तैवानच्या रिअलटेक कंपनीची असते, खेकड्याचं चिन्ह असलेली. विंडोज एक्सपीच्या काळात मिसळण्याचं बरंचसं काम कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या अगदी गाभ्यात चालायचं. तिथे काही बिनसलं की निळा पडदा येऊन सगळं यंत्रच बसायचं. जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्यांसाठी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टात मायक्रोसॉफ्टने ही रचना बदलली. इंजिन गाभ्याबाहेर काढलं आणि बाहेरच्या कंपन्यांच्या आवाज-सुधारकांना एका वेगळ्या प्रक्रियेत जागा दिली. टास्क मॅनेजरमध्ये ही प्रक्रिया ‘विंडोज ऑडिओ डिव्हाइस ग्राफ आयसोलेशन’ अशा लांबलचक नावाने दिसते. आपल्या गोष्टीतलं निम्मं नाट्य तिथे घडतं.

तिथे येऊन बसणाऱ्या तुकड्यांना ऑडिओ प्रोसेसिंग ऑब्जेक्ट, थोडक्यात एपीओ म्हणतात. बास वाढवणारा, घुमारा काढणारा, मागचा गोंगाट गाळणारा, सगळे एपीओच. डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये वेव्ह्ज मॅक्सऑडिओ असतं, गेमिंगच्या यंत्रांत नहिमिक, इतरत्र डॉल्बी किंवा डीटीएस. हौशी मंडळी इक्वलायझर एपीओ स्वतःहून बसवतात. आता असेंब्ली लाइनचा विचार करा. लाइनवर नवं स्टेशन बसवलं की कन्व्हेयरच्या प्रोग्रॅममध्येही त्याची नोंद करावी लागते: बॉडी इथे थांबेल, इथून पुढे जाईल. उद्या स्टेशन उचललं आणि प्रोग्रॅम तसाच ठेवला, तर बॉडी रिकाम्या जागेसमोर थांबून राहील. अर्धवट लिहिलेल्या अनइन्स्टॉलरकडून नेमकं हेच होतं. प्रोग्रॅमचा फोल्डर जातो, मेनूतलं नाव जातं, पण विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगच्या नोंदवहीत, त्या स्पीकरच्या नोंदीखाली ‘आवाज या एपीओतून न्या’ ही ओळ उरते. इंजिन त्या फाइलला हाक मारतं. फाइल नसते, किंवा असते पण जुन्या आवृत्तीची. मग आवाज बंद पडू शकतो, फाटू शकतो, किंवा काही सेकंद वाजून गप्प होऊ शकतो.

दुसरा अवशेष आभासी उपकरणांचा. व्हॉइसमीटर, व्हीबी-केबल, क्रिस्प यांसारखे प्रोग्रॅम विंडोजला एक जास्तीचा स्पीकर किंवा मायक्रोफोन जोडलेला असल्याचं भासवतात. आवाज आधी त्या काल्पनिक उपकरणात जातो, तिथे त्यावर काम होतं, आणि मग खऱ्या उपकरणाकडे जातो. मधला प्रोग्रॅम काढला आणि त्याचा ड्रायव्हर राहिला, तर पहिला टप्पा शाबूत आणि दुसरा गायब. संगणकाच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. आवाज एका ‘स्पीकर’कडे पाठवला जातोय, फक्त त्या स्पीकरला पडदा नाही. सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्या सेवा हाही असाच अवशेष, पण त्या निदान यादीत दिसतात तरी. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने १९२ किलोहर्ट्झला नेऊन ठेवलेला नमुन्यांचा वेग, किंवा उपकरणावर एकट्याचा ताबा घेण्याची मुभा, या गोष्टी सॉफ्टवेअर गेल्यावरही सेटिंगमध्ये तशाच राहतात. भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करून दिलेल्या लॅपटॉपवर सोमवारी ऑफिसचा कॉल लागत नाही, याचं कारण बरेचदा एवढंच असतं. साउंडच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये वेग पुन्हा ४८,००० वर आणला की काम होतं.

तेव्हा आधी निदान. आणि त्यासाठी नवं काहीही बसवायचं नाही.

पहिली चाचणी हिरव्या पट्टीची. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत एम एम एस वाय एस डॉट सी पी एल असं सलग इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की जुनी साउंडची खिडकी उघडते. तिच्या ‘प्लेबॅक’ टॅबमध्ये प्रत्येक उपकरणासमोर एक उभी पट्टी असते. गाणं सुरू करायचं आणि पट्टी कुणापुढे नाचते ते बघायचं. पट्टी भलत्याच नावापुढे नाचत असेल, तर आवाज त्या आभासी उपकरणाकडे वळलाय. खऱ्या स्पीकरवर उजवं क्लिक करून त्याला डीफॉल्ट करा. मीटिंगसाठी ‘डीफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस’ वेगळं असतं, तेही तपासा. पट्टी योग्य नावापुढे नाचतेय आणि कानाला काहीच नाही, म्हणजे गडबड पुढे आहे: ड्रायव्हर, चिप, वायर किंवा स्पीकर. पट्टी कुठेच हलत नसेल तर इंजिनच थांबलंय, किंवा मीटिंगच्या सॉफ्टवेअरने स्वतःच्या सेटिंगमध्ये निराळंच काहीतरी धरून ठेवलंय.

दुसरी चाचणी साध्या यूएसबी हेडसेटची, आणि माझ्या मते ही सगळ्यात कामाची. स्वस्तातला यूएसबी हेडसेट लॅपटॉपची अंगची चिप वापरत नाही. त्याच्या आत स्वतःची छोटी चिप असते आणि ती विंडोजच्या घरच्या ड्रायव्हरवर चालते. त्यामुळे लॅपटॉप बनवणाऱ्याने बसवलेला लवाजमा बाजूला पडतो. हेडसेट लावल्यावर आवाज खणखणीत आला, तर विंडोजची ऑडिओ सेवा धडधाकट आहे आणि दोष अंगच्या चिपच्या साखळीत आहे. दुपारची मीटिंगही पार पडते, हा वरचा फायदा.

तिसरी चाचणी सुधारक बंद करण्याची. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असं जाऊन स्पीकरवर क्लिक केलं की ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ दिसतं. ते ‘ऑफ’ करायचं. विंडोज १० मध्ये हीच सोय वर सांगितलेल्या जुन्या खिडकीत, स्पीकरच्या प्रॉपर्टीजमध्ये आहे. ऑफ म्हटलं की इंजिन एपीओंना वळसा घालून आवाज सरळ ड्रायव्हरकडे नेतं. आवाज परतला, तर मोडकी कडी सापडली. मायक्रोफोनसाठी ‘रेकॉर्डिंग’ टॅबमध्ये हेच पुन्हा करायचं असतं, आणि ते हमखास राहून जातं.

मायक्रोफोनचं एक दुखणं इथल्या कारखान्यांत फार दिसतं. लॅपटॉपच्या स्वतःच्या पॅकेजमध्ये गोंगाट गाळणारा एपीओ असतो, मीटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा असतो, आणि त्यावर कोणीतरी तिसरं बसवलेलं असतं. हे गाळणारे प्रोग्रॅम मानवी आवाज कोणता आणि बाकीचा कोणता हे अंदाजाने ठरवतात. पहिल्याने गाळलेला आवाज आधीच थोडा ओरबाडलेला असतो; दुसऱ्याला त्यातली काही अक्षरं गोंगाट वाटतात, तिसऱ्याला आणखी काही. पलीकडच्याला शब्दांच्या शेपट्या ऐकूच येत नाहीत. वरून प्रेसचा ठोका पडला की अख्खं वाक्य जातं. तिसरा काढून टाकला पण त्याची सेवा मागे चालूच राहिली, तर नाव कुठे न दिसता काम मात्र चालू असतं. गाळणी एकच ठेवावी. कोणती, हे दोन-तीन मिनिटं आवाज रेकॉर्ड करून आपणच ठरवावं.

दोष नेमका कधीपासून आहे हे आठवत नसेल तर विंडोज सांगतं. सर्चमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ येतं. त्यात तारीखवार काय बसलं, काय काढलं, काय कोसळलं याचा तक्ता असतो. सुविधा व्हिस्टापासून आहे, तरी फारसं कोणी उघडत नाही. आवाज मंगळवारी गेला आणि सोमवारी रात्री ऑडिओ ड्रायव्हरचं अपडेट आलं होतं हे तिथे दिसलं, की पहिल्या दोन ‘का’ची उत्तरं मिळाली.

आता काढण्याचं काम. आधी सिस्टिम रिस्टोअर पॉइंट करून ठेवायचा. प्रोग्रॅम अजून यादीत असेल तर त्याच्याच अनइन्स्टॉलरने काढायचा. अर्धवट निघाला असेल तर तीच आवृत्ती पुन्हा बसवून मग काढायची. उलटं वाटतं, पण त्यामुळे अनइन्स्टॉलरला त्याच्या सगळ्या फाइली जागच्या जागी सापडतात. त्यानंतर डिव्हाइस मॅनेजर. तिथे ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो हिडन डिव्हाइसेस’ केलं की अंधूक चिन्हांची भुतावळ दिसू लागते: पूर्वी कधीतरी जोडलेली किंवा काढलेली उपकरणं. ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’, ‘ऑडिओ इनपुट्स अँड आउटपुट्स’ आणि ‘सॉफ्टवेअर कॉम्पोनंट्स’ हे तीन भाग बघायचे. काढलेल्या प्रोग्रॅमचं नाव असलेलं उपकरण अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरही काढण्याच्या चौकोनात खूण करायलाच हवी. खूण केली नाही तर उपकरण जातं, पण पॅकेज विंडोजच्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये पडून राहतं आणि पुढच्या वेळी तेच निमूटपणे परत येतं. स्टोअरमध्ये काय काय साठलंय हे पीएनपीयूटिल नावाची विंडोजचीच आज्ञा दाखवते आणि नेमकं पॅकेज काढूही शकते. ती वापरण्याआधी पॅकेजच्या प्रकाशकाचं नाव दोनदा वाचावं.

काढल्यावर ‘रीस्टार्ट’ करायचं, ‘शट डाउन’ नाही. हा फरक मोठा आहे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आहे. शट डाउन केल्यावर गाभा आणि ड्रायव्हर पूर्ण बंद होत नाहीत. त्यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच उचलली जाते. भोसरी एमआयडीसीत गुरुवारच्या सुट्टीला सगळी यंत्रं बंद केली, शुक्रवारी चालू केली, म्हणजे संगणक ताजातवाना झाला असं मानलं जातं. प्रत्यक्षात बुधवारचाच ड्रायव्हर शुक्रवारी पुन्हा कामावर हजर असतो. रीस्टार्टमध्ये हा वळसा नाही, तिथे सगळं नव्याने उभं राहतं.

यानंतरही निर्मात्याच्या पॅकेजवरच संशय असेल तर विंडोजचा सर्वसाधारण ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ ड्रायव्हर लावून बघता येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अपडेट ड्रायव्हर’, मग संगणकातल्या यादीतून निवडण्याचा पर्याय. त्याच्यावर आवाज आला तर पॅकेज दोषी. इंटेलच्या स्मार्ट साउंडवर चालणाऱ्या नव्या लॅपटॉपमध्ये मात्र असं केल्याने अंगचा मायक्रोफोन गायब होऊ शकतो, कारण तो वेगळ्या वाटेने जोडलेला असतो. तेवढ्याने घाबरायचं नाही. ‘रोल बॅक’ केलं की तो परत येतो.

फॉरमॅट का वाया जातो, ते आता सांगता येईल. पिंपरी-चिंचवडच्या दुकानांत हिंजवडीच्या कंपन्यांनी वापरून सोडलेले लॅपटॉप मिळतात. दुकानदार नवं विंडोज टाकून देतो. इंटरनेट जोडलं की विंडोज अपडेट चिपची ओळख वाचतं आणि त्या लॅपटॉपच्या निर्मात्याने नोंदवलेलं पॅकेज आणतं: मूळ ड्रायव्हर एक, त्याची खास जोडणी दुसरी, एपीओ तिसरा, आणि नियंत्रणाची खिडकी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून चौथी. हे चार तुकडे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या आवृत्तीत येतात. एक आला आणि दुसरा अडकला तर कोऱ्या विंडोजवरही ‘मागे राहिलेल्या’ सॉफ्टवेअरची लक्षणं दिसतात.

विंडोज अपडेटनेच चूक केल्याचीही उदाहरणं आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये इंटेलचा एक चुकीचा ऑडिओ ड्रायव्हर अनेक संगणकांना गेला आणि त्यांचा आवाज बंद पडला. तो काढून टाका, असं मायक्रोसॉफ्टला सांगावं लागलं. डिसेंबर २०२४ मध्ये उलट घडलं. डिराक ऑडिओ हा सुधारक असलेल्या काही यंत्रांवर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती चढवली की अंगचे स्पीकर, ब्लूटूथ स्पीकर, हेडसेट सगळेच बंद पडत होते. मायक्रोसॉफ्टने त्या यंत्रांचं अपडेटच रोखून धरलं. एका एपीओ फाइलपायी सबंध विंडोजची बढती थांबली.

हाताने फाइली उडवण्याचा मोह होतो, तेव्हा सोनी बीएमजी या संगीत कंपनीची गोष्ट आठवावी. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रुसिनोविच या विंडोजच्या जाणकाराने आपल्या यंत्रात सापडलेल्या एका लपलेल्या सॉफ्टवेअरची हकिकत लिहिली. त्याने या कंपनीची गाण्यांची एक सीडी विकत घेतली होती आणि तिच्यातल्या प्लेअरने कॉपी रोखणारा प्रोग्रॅम गुपचूप बसवला होता. विशिष्ट अक्षरांनी सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली तो अदृश्य करत असे. रुसिनोविचने तो शोधून पुसला, तर सीडी ड्राइव्हच दिसेनाशी झाली. कारण त्या प्रोग्रॅमने ड्राइव्हच्या वाटेत स्वतःचा फिल्टर ड्रायव्हर घातला होता, आणि फाइल पुसली तरी फिल्टरची नोंद रजिस्ट्रीत होती. ती नोंद काढल्यावर ड्राइव्ह परत आली. पुढे कंपनीने काढण्याचं जे साधन दिलं त्यात प्रिन्स्टनच्या संशोधकांना सुरक्षेचं नवं भगदाड सापडलं, आणि नोव्हेंबरमध्ये सीड्या बाजारातून परत बोलवाव्या लागल्या. विंडोजचा एवढा तयारीचा जाणकारही पुसल्यावर अडकला, तेव्हा ‘रजिस्ट्री क्लीनर’ नावाच्या फुकट प्रोग्रॅमने काय होणार? मायक्रोसॉफ्ट स्वतः अशा क्लीनरना पाठिंबा देत नाही. ‘ड्रायव्हर अपडेटर’ हा त्याचाच भाऊ. आवाज दुरुस्त करायला येतो आणि आणखी एक अवशेष ठेवून जातो.

आवाज नीट चालू असला तरी नको असलेला ऑडिओ लवाजमा काढावा, याला आणखी एक कारण आहे. मे २०१७ मध्ये मॉडझीरो या स्विस सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की एचपीच्या काही लॅपटॉपमधलं कोनेक्संटचं ऑडिओ सॉफ्टवेअर कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक बटण एका साध्या फाइलमध्ये लिहून ठेवत होतं. उद्देश फक्त मायक्रोफोन म्यूट करण्याचं बटण ओळखण्याचा. चाचणीसाठीची ही यंत्रणा विक्रीच्या मालात राहून गेली होती. ग्राहकाची ड्रॉइंग आणि पासवर्ड ज्या लॅपटॉपवर असतात, तिथे ही गोष्ट गंभीर आहे. एचपीने नंतर दुरुस्ती दिली.

मॅकवर मागे राहिलेल्या ऑडिओ सॉफ्टवेअरचा कचरा लायब्ररीतल्या ऑडिओ, प्लग-इन्स, हॅल या फोल्डरात साठतो. ब्लॅकहोलसारखी आभासी उपकरणं तिथे असतात. नको ते काढून मॅक रीस्टार्ट केला की बहुतेक वेळा पुरतं.

कंपनीच्या लॅपटॉपवर ड्रायव्हर काढण्या-बसवण्याचे अधिकार तुम्हाला बहुधा नसतात. तेव्हा आयटीला तिकीट टाकताना ‘आवाज येत नाही’ एवढंच लिहू नका. हिरवी पट्टी कुणापुढे हलते, यूएसबी हेडसेट चालतो का, एन्हान्समेंट्स ऑफ केल्यावर काय झालं आणि रिलायबिलिटीच्या तक्त्यात त्या तारखेला काय दिसतं, या चार ओळी लिहा.

आणि एवढं करूनही काहीच हललं नाही, तर लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून यंत्र त्याच्यावर चालू करा. हार्डडिस्कवरचं विंडोज त्यात शिवलं जात नाही. तिथे आवाज आला तर दोष अजून विंडोजमध्येच आहे. तिथेही नाही आला, तर हेडफोनच्या भोकाकडे बघा. त्या जॅकच्या आत पिन घातलीय की नाही हे ओळखणारा बारीक स्विच असतो. मशिन शॉपमधली तेलकट वाफ आणि धातूची धूळ बसून तो चिकटला, की लॅपटॉपला कायम हेडफोन लावलेलाच वाटतो आणि स्पीकर गप्प राहतो. यंत्र बंद करून भोकात कोरडी हवा मारा, पिन चार-पाच वेळा घालून काढा. तरी स्पीकर बोलला नाही, तर दुकानात न्या, आणि जॅक बदलायचाय, फॉरमॅट मारायचा नाही, हे देतानाच सांगा.